पाच वर्षं किंवा एक लाख किलोमीटर

विष्णुपुरी, नांदेड
१० फेब्रुवारी २०१६

ति. अक्कास,
साहेबचा जयभीम.

फोनच करणार होतो. पण फोनवर तू "हॅलो, कोण? हॅलो" एवढंच म्हणत राहतेस आणि मी घसा फाडून ओरडतो. मागच्या खेपेला शेजारचे लोक गच्चीवर येऊन बघायला लागले. म्हणून पत्र.

पंचशीला गेली त्याला पाच महिने झाले. तेव्हापासून आपलं धड बोलणंच नाही. पण ते असू दे. एक सल्ला पाहिजे. आपल्या घरात छापील कागद वाचून कळणारी तूच एक. मी आयुष्यभर इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पोरांना लेथ शिकवली. लोखंड काय म्हणतं ते मला कळतं, कागद काय म्हणतो ते कळत नाही.

ती गाडी आहे ना, पलंग, शेगडी, पाण्याची टाकी असलेली. पंचशीलाच्या हट्टापायी घेतली ती. बोधगया, सारनाथ, कुशिनारा, सगळं दोघांनी आपल्या गाडीत झोपत, आपल्या हातचं खात करायचं असं तिचं ठरलेलं होतं. त्या गाडीची एक वर्षाची वॉरंटी ३० एप्रिलला संपते. हैदराबादच्या शोरूममधून एक मुलगी आठवड्यातून दोनदा फोन करते. "सर, वाढीव वॉरंटी घेऊन टाका. पाच वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. एप्रिल गेला की मिळणार नाही सर." लई गोड बोलते. दुसऱ्या कुणाचा फोन येत नाही, म्हणून मीही तिला बोलू देतो.

घ्यावी का? घेतली तर पाच वर्षं काळजी नाही. बिहारात कुठं बंद पडली तर एकट्या माणसानं कुणाच्या तोंडाकडे बघायचं? नाही घेतली तर पैसे वाचतील, पण वाचवून कुणाला ठेवायचे?

इकडे पाण्याची ओरड आहेच. धरणाचा तळ दिसायला लागलाय. पण माझ्या अंगणातल्या बोअरला अजून धार आहे. दर रविवारी गाडी चकाचक धुतो. गल्लीतल्या बायांना अजून वाटतं ही सरकारी दवाखान्याची गाडी आहे. परवा एक बाई लेकरू काखेत घेऊन आली, "लस कवा देता?" म्हणून विचारून गेली.

मार्चमध्ये गाडी घेऊन उदगीरला चार दिवस येऊ का?

तुझा,
साहेबराव


उदगीर, जि. लातूर (सध्या तरी)
१९ फेब्रुवारी २०१६

चि. साहेबास,
आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीचे पाय. चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या पोरांचं वळण सुधारलं, सख्ख्या भावाचं राहून गेलं.

पत्त्यात "सध्या तरी" का लिहिलं म्हणशील, तर इकडे रोज उदगीर जिल्हा होऊन राहिलाय. आज होणार, उद्या होणार. चौकात पोरं फटाके घेऊन तयार. मला काय त्याचं? मी नोकरीला लागले तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. ब्याऐंशी साली त्याच शाळेत, त्याच खुर्चीवर बसल्याबसल्या लातूर जिल्ह्यात आले. आता मरायच्या आधी तिसरा जिल्हा बघायचा योग दिसतो. नळ मात्र तिन्ही जिल्ह्यांत तोच.

आता तुझ्या वॉरंटीचं. त्या पोरीच्या गोड बोलण्यावर मी मत देत नसते. वॉरंटीचं पुस्तक असतं, ते रजिस्टर पोस्टानं पाठव. वाचल्याशिवाय सही करायची नाही हे तुला एकोणीसशे सत्तरमध्ये सांगितलंय. आणि एक लाख किलोमीटर म्हणतोस, तर दहा महिन्यांत गाडी किती चालली ते लिही. त्या आकड्याशिवाय हिशोब कसा मांडायचा?

गाडी धुऊ नकोस. कोरड्या फडक्यानं पुसत जा.

मार्चमध्ये येऊ नकोस. उन्हाळा उतरू दे, पाऊस पडू दे, मग बघू.

तुझी,
अक्का


विष्णुपुरी
२७ फेब्रुवारी २०१६

ति. अक्का,
जयभीम.

पुस्तक सोबत पाठवतोय. जपून ठेव, एकच प्रत आहे.

फडक्याचं म्हणालीस ते खरं असेल. कोरड्या फडक्यानं रंगावर ओरखडे पडतात असं मला वाटायचं, पण तुझं ऐकतो.

गाडी बरीच चालली. आकडा आत्ता तोंडपाठ नाही. मागच्याच महिन्यात सहस्रकुंडाला जाऊन आलो. धबधब्यासमोर गाडी लावली, शेगडीवर चहा केला, तुषार अंगावर येत होते. लई बरं वाटलं. पंचशीला असती तर म्हणाली असती, आधी चादर आत घ्या, भिजायली. गाडी पण एकदम झ्याक. इंजिनाचा आवाज म्हणशील तर मांजर घुरघुरल्यासारखा.

येऊ नकोस म्हणालीस. ठीक आहे अक्का. मला कळतं. तू मनात काय धरून बसलीस तेही कळतं. मी हट्ट करणार नाही.

वॉरंटीचं तेवढं बघ. त्या मुलीला मी सांगितलंय, माझी बहीण हेडमास्तरीण होती, ती वाचून सांगेल.

साहेबराव


उदगीर
१० मार्च २०१६

चि. साहेबास,
आशीर्वाद.

पुस्तक परत पाठवतेय. लाल पेन्सिलीच्या खुणा बघून चिडू नकोस. दहावीच्या पेपरातसुद्धा मी इतक्या केल्या नव्हत्या.

आधी निकाल सांगते, मग कारण. घेऊ नकोस. टायर, बॅटरी, काच, रबर, रंग यातलं काही त्यांच्या जबाबदारीत नाही, हे चौथ्या कलमात लिहिलंय. बरं, तू ज्यासाठी ही गाडी घेतलीस तो पलंग, ती शेगडी, पाण्याचा पंप, छोटा फ्रिज? पाचवं कलम म्हणतं तेही नाही. म्हणजे आतलं घर तुझं, बाहेरचं लोखंड त्यांचं. त्या लोखंडातही इंजिन आणि गिअर एवढंच. तूच लिहितोस की इंजिन मांजरासारखं घुरघुरतं. म्हणजे जे बिघडणार ते यात नाही, आणि जे यात आहे ते पाच वर्षांत बिघडत नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

वर सातवं कलम. गाडीत माल वाहिला, भाड्यानं दिली, ठरल्यापेक्षा जास्त वजन घातलं, तर सगळं रद्द. नववं कलम तर ऐकच. गाडी उभी राहून गंजली, उंदरानं वायर खाल्ली, तर कंपनी ओळख देणार नाही. फिरायच्या गाडीला असली अट घालणारा माणूस मोठा हुशार असला पाहिजे. फिरायला म्हणून घेतलेल्या गाड्या दारातच उभ्या राहतात हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

आता साहेब, नीट बस आणि वाच.

शेवटच्या पानावर सर्व्हिसचे रकाने आहेत. पहिली मोफत सर्व्हिस, एक हजार किलोमीटर किंवा दोन महिने. रकाना कोरा. दुसरी, कोरा. शिक्का नाही, सही नाही. अकराव्या कलमात लिहिलंय की सर्व्हिस चुकली तर वाढीव वॉरंटी देणं कंपनीच्या मर्जीवर. ती पोरगी हे तुला सांगत नाही. आणि तू मला काय सांगत नाहीस?

सहस्रकुंडाचे तुषार अंगावर आले म्हणे. परवाच्या पेपरात तिथला फोटो आलाय, नुसते काळे दगड. थेंब नाही. लहानपणी खोटं बोलताना तू कान खाजवायचास. पत्रात खाजवलेला दिसत नाही, एवढाच फरक.

आणि मनात धरलंय म्हणतोस, तर हो, धरलंय. मी नाही कशाला म्हणू? माझी भावजय गेली, मला निरोप तिसऱ्या दिवशी मिळाला. मी पोचले तेव्हा जलदान विधी उरकून सतरंजी झाडत होते लोक. तिच्या नावानं ओंजळभर पाणी माझ्या हातून पडलं नाही. दोन दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं? तू त्या दिवशी माझ्याशी नजर मिळवली नाहीस. मी संध्याकाळच्या बसनं परत आले.

गाडी किती चालली ते खरं लिही.

अक्का


विष्णुपुरी
१८ मार्च २०१६

अक्का,

तीनशे बारा किलोमीटर.

हैदराबादहून घरी येताना दोनशे नव्वद. राहिले बावीस. ते बावीस सांगायचे म्हणून चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसून राहिलो.

त्या दिवशी सकाळी पंचशीला भाजी निवडत होती. म्हणाली छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटायलंय. अॅम्ब्युलन्सला फोन लावला, येतो येतो म्हणाले. दारात गाडी उभी, आत पलंग. मी तिला उचललं आणि त्या पलंगावर झोपवलं. नवी चादर घातलेली होती, बोधगयेसाठी आणलेली. दवाखाना अकरा किलोमीटर. वाटेत ती म्हणाली, "निघालो का हो आपण?" मी म्हटलं, "हाव, निघालो." ती हसली असेल. मी गाडी चालवत होतो, मागं बघता येईना. पोचलो तेव्हा ती नव्हती.

जाताना अकरा, येताना अकरा. मग किल्ली खुंटीला टांगली.

दोन दिवस का थांबलो नाही विचारतेस. मला ते घर सहन होईना. लोक म्हणाले कधी करायचं, मी म्हटलं आजच करा, लगेच करा. तुला फोन लावला, तू हॅलो हॅलो करत राहिलीस. मला वाटलं कळलं असेल. चुकलं माझं. तू आलीस तेव्हा काय तोंडानं बघू तुझ्याकडं?

आणखी एक सांगतो. सप्टेंबरमध्ये मी उदगीरला आलो होतो. बसनं. माफी मागायला. तुझ्या दाराची कडी दहा-बारा वेळा वाजवली. हाका मारल्या. खिडकीतून तू दिसत होतीस, तांदूळ निवडत बसलेली, पाठ माझ्याकडं. वळली नाहीस. शेजारची बाई बघायला लागली तेव्हा मी निघून आलो. म्हणून तू आता येऊ नको लिहिलंस तर मला नवल वाटलं नाही.

रोज दुपारी जेवण झालं की मी गाडीत जाऊन बसतो. पलंगावर नाही, समोरच्या खुर्चीवर. दार लावतो. चारला उठून घरात येतो. झालं माझं फिरणं.

वॉरंटी फायद्याची नाही हे मलाही कळतं गं. इंजिन खोलून जोडणारा माणूस मी. पण ती मुलगी म्हणते "सर, पुढची पाच वर्षं तुम्ही बिनधास्त फिरा," तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं. माझ्याबद्दल पुढच्या पाच वर्षांचं बोलणारं दुसरं कुणी नाही. कागदावर सही केली की निदान कंपनीच्या दप्तरात तरी नोंद होईल, की हा माणूस कुठंतरी जाणार आहे.

आता तूच सांग, घेऊ का नको.

साहेब


(पोस्टकार्ड)
विष्णुपुरी
२ एप्रिल २०१६

ति. अक्का, जयभीम. पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. रागावलीस का? रागावली असलीस तर तसं लिही, शिव्या लिही. कोरं राहू नकोस. ३० तारीख जवळ आली. त्या मुलीला अजून काही सांगितलं नाही. साहेब.


उदगीर
८ एप्रिल २०१६, पाडवा

साहेबराव अण्णा यांना,
शरणम्माचा नमस्कार.

मी तुमच्या अक्काची शेजारीण. आमचं घरचं बोलणं कानडी, मराठी लिहायला चुकतं, सांभाळून घ्या. तुमचं कार्ड आलं ते उघडंच होतं, वाचलं. म्हणून लिहिते. अक्काला सांगू नका.

अक्का रागावल्या नाहीत. आजारी आहेत. सोमवारी अंगणात चक्कर येऊन पडल्या. डॉक्टर घरी आले, म्हणाले पाणी कमी पडलं अंगात, सलाईन लावली. आता उठून बसतात, पण हात थरथरतो, लिहिता येत नाही.

अण्णा, इथं नळाला पाणी येऊन महिना झाला. लोक ड्रमला कुलूप लावून झोपतात. पाहुणे येणार असले की आधी फोन करून सांगतात, आपलं पाणी घेऊन या. अक्का आधी जार विकत घ्यायच्या. जारवाल्याचा बोअर आटला, तो बंद. आता फक्त टँकर. टँकरचा भोंगा अक्काला ऐकू येत नाही. त्यांना आता काहीच ऐकू येत नाही अण्णा. दिवाळीच्या आधीपासून. ओठ बघून समजून घेतात, कुणाला कळू देत नाहीत. सप्टेंबरात तुम्ही दार वाजवत होता ते मी बघितलं, पण ओळख नव्हती, वाटलं वसुलीवाला आहे. तुमचं पत्र आल्यावर अक्कांनी विचारलं तेव्हा कळलं.

मी त्यांना हाताला धरून टँकरजवळ नेलं एकदा. टँकरवर माणूस उभा राहून नळी खाली सोडतो, खाली सगळ्या बाया घागरी वर धरतात. अक्का थोडा वेळ बघत राहिल्या आणि रिकामी घागर घेऊन घरी गेल्या. मी आमच्यातलं देते म्हटलं तर म्हणाल्या, तुझ्या घरात सहा माणसं, मी एक तोंड कशाला वाढवू? दिवसाला दीड तांब्यात भागवतात. तुम्हाला येऊ नका लिहिलं, कारण भावाला अंघोळीला पाणी देता येणार नाही. ते लिहायची त्यांना लाज वाटली. मला त्यांनी तसं बोलून दाखवलं होतं.

तुमची शेवटची चिठ्ठी त्यांच्या उशीखाली आहे.

शरणम्मा


विष्णुपुरी
२२ एप्रिल २०१६

ति. अक्का,
जयभीम.

काल दुपारी सुखरूप पोचलो. आठ दिवस तुझ्यापाशी राहिलो, पण पाटीवर खडूनं लिहून किती बोलणार? आणि तू पाटी पुसायच्या आधी वर शुद्धलेखन तपासतेस. राहिलेलं इथं लिहितो.

शरणम्माचं पत्र ११ तारखेला मिळालं. वाचलं आणि अंगणात गेलो. बोअरजवळ बादली होती, गाडी धुवायची. ती लाथेनं उडवली. अक्का, दहा महिने मी उभ्या गाडीला अंघोळ घालत होतो आणि तू दीड तांब्यावर दिवस काढत होतीस. फडक्यानं पूस लिहिलंस तेव्हा मला रंगाची काळजी वाटली. माझ्यासारखा गाढव मीच.

टँकरजवळून तू परत का आलीस ते शरणम्माला कळलं नाही. मला कळलं. बिलोलीकडच्या आपल्या गावात विहिरीला आपला हात चालत नव्हता. माय, आपली नागाबाई, पायऱ्यांच्या खाली घागर मांडून उभी असायची. कुणाला दया आली तर वरून ओतायचं. कधी दुपार व्हायची. तू तिचा पदर धरून उभी असायचीस. मी कडेवर, मला फक्त ऊन आठवतं. पण मॅट्रिक झालीस तेव्हा तू मायला म्हणाली होतीस, वरून ओतलेलं पाणी मी आता जन्मात घेणार नाही. ते मी ऐकलंय. आता टँकरवाला जात बघत नाही, रांगेत सगळेच आहेत, हे तुलाही कळतं. पण मान वर करून घागर धरायची म्हणजे तुला मायच दिसणार. मी तुला हट्टी म्हणणार नाही.

गाडीतली टाकी ऐंशी लिटरची. तेवढ्यानं काय होतं? बाजारातून पाचशे लिटरची काळी टाकी आणली. ती ठेवायला एकच जागा होती. पाना घेऊन पलंगाचे बोल्ट सोडवायला बसलो. आठ बोल्ट. पाच मिनिटांचं काम, मला सकाळभर लागलं. पलंग बाहेर काढला, चादर तशीच घडी करून कपाटात ठेवली. कपाट लावून मी रडलो, ते तुला लिहायला लाज नाही.

तेरा तारखेला निघालो. जळकोटच्या अलीकडे मागून कडाड आवाज आला. मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला. पाचशे किलो पाणी, ही गाडी त्यासाठी नाहीच. तिथल्या गॅरेजवाल्यानं नवा पाटा बसवेपर्यंत तीन तास गेले. तो म्हणाला, काका, निम्मं पाणी ओतून टाका, गाडी हलकी होईल. मी म्हटलं, उदगीरला न्यायचंय हे. त्यालाही लगेच कळलं, म्हणाला, मग निम्मं नका ओतू, मला एक बाटली द्या. दिली.

आज सकाळी त्या मुलीचा फोन आला. "सर, शेवटचा आठवडा. फॉर्म भरायचा का? दोन-तीन प्रश्न विचारते. गाडीत कधी माल वाहिला का?" मी म्हटलं, "वाहिला." "सर, म्हणजे घरचं सामान ना?" तिनं वाट करून दिली होती अक्का. मी म्हटलं, "नाही ताई. पाचशे लिटर पाणी. आणि अजून वाहणार आहे. सातव्या कलमात बसतं ते." ती म्हणाली, "मग सर, नाही होणार." मी म्हटलं, "माझ्या बहिणीनंही तेच सांगितलंय." ती फोन ठेवेना. हळूच विचारलं, "पाणी कुणासाठी सर?" मी सांगितलं.

आता ती फोन करणार नाही. दुपारी घर जरा जास्तच गप्प वाटलं.

गाडीचा काटा पाचशे सत्तरवर आहे. काळी टाकी तुझ्याकडे राहिली, तशीच दुसरी आणलीय; तीन तारखेला ती भरून पुन्हा निघतो.

साहेब


उदगीर
२९ एप्रिल २०१६

चि. साहेबास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

हात थरथरायचा थांबला, म्हणून आधी तुला लिहायला बसले. अक्षर बघ, अजून तुझ्यापेक्षा बरं.

सप्टेंबरचं आधी. तुझं ते पत्र वाचलं त्या दिवशी मी दाराची कडी आतून किती वेळ बघत बसले होते. भाऊ दारात हाका मारतो आणि मी तांदूळ निवडते. माझा बहिरेपणा मी सगळ्यांपासून लपवला, तुझ्यापासून तर आधी. साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावरची कुजबुज ऐकणारी मी. ऐकू येत नाही म्हणून सांगायला जीभ रेटेना. त्या पायी तुला वाटलं मी दार लावून घेतलं. मी तुला दोष दिला दोन दिवस थांबला नाहीस म्हणून, आणि तू माझ्या दारातून कोरडा गेलास. फिट्टंफाट म्हणायचं काय याला? मला तर दोन्हीकडून रडू येतं.

त्या दिवशी दुपारी डोळे उघडले तर तू समोर, हातात पाना, शर्ट भिजलेला. मला वाटलं अशक्तपणानं भास व्हायलाय. मग तू तांब्या पुढं केलास. पाणी गरम होतं, प्लॅस्टिकचा वास येत होता. तरी मी एका दमात प्यायले.

आता तू गेल्यावर काय झालं ते ऐक. टाकी तू अंगणात दोन फरश्यांवर ठेवून गेलास आणि तोटी गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवलीस. मला वाटलं, फार वाकायला लागू नये म्हणून बसवली असेल. दुसऱ्या दिवशी शरणम्माची सासू गंगम्मा आली. पंच्याहत्तरीची म्हातारी, तांब्या पुढं धरून, मान खाली घालून उभी राहिली. ओठ हलले. "वाढ गं माय" म्हणाली असणार. साहेब, सत्तर वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासमोर पाण्यासाठी तांब्या धरला, आणि मी वरच्या बाजूला उभी होते. मी तिचा हात धरला, तोटीवर ठेवला, म्हटलं, "इथं वाढायचं नाही. तोटी फिरवा, आपल्या हातानं घ्या, पुरे झालं की बंद करा." तिनं घेतलं. एकच तांब्या. जास्तीचं कुणी घेत नाही, मी बघत नसले तरी घेत नाही. आता चार घरं घेतात. मग मलाही शरणम्माकडची भाकरी घ्यायला काही वाटेनासं झालं.

उद्या ३० तारीख. तुझी ती वॉरंटी उद्या संपते. तू मला दोनदा विचारलंस, घेऊ का नको. पहिल्यांदा मी पुस्तकातून उत्तर दिलं. दुसऱ्यांदा तू काय विचारत होतास ते मला कळलं, पण अंगात बळ नव्हतं. आज देते. पुढच्या पाच वर्षांचं बोलणारं कुणी नाही असं परत लिहू नकोस. मी बोलते. गॅरंटी देत नाही, सत्तरीची बाई आहे, माझंही रबर, काच, बॅटरी सगळं चौथ्या कलमात गेलंय. पण पाऊस झाला, टाकीची गरज सरली, की तू तो पलंग परत गाडीत बसव. आठही बोल्ट. वर तीच चादर घाल. मी त्यावर झोपणार नाही, ती जागा पंचशीलाची. मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून कुशिनारापर्यंत येईन. तिथं नदी आहे म्हणतात. तिच्या नावानं ओंजळभर पाणी माझ्या हातून पडायचं राहिलंय, ते तिथं सोडीन. गाडी बंद पडली तर तू खाली उतरून दुरुस्त कर, मी बिहारच्या लोकांशी पाटीवर लिहून बोलेन.

तीन तारखेला ये. घरी शेवग्याची आमटी करून ठेवते, पाणी घालून केलेली, पातळ. रात्रीला राहा, चार दिवस राहा. अंघोळ कर.

गल्लीत गाडी लावलीस की भोंगा वाजवू नकोस. कडी वाजवू नकोस, हाका मारू नकोस. मला ऐकू येत नाही. दार मी लोटून ठेवलेलं असेल. तू सरळ आत ये.

तुझी,
धुरपता अक्का